सिटीच्या सीडीतलं शेवटचं पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आरोग्याच्या पानावर एक चौकट होती. 'एक सिटी स्कॅन म्हणजे चारशे एक्सरे!' पुढे उद्गारचिन्ह, बाजूला कवटीचं चित्र, खाली चार ओळी आणि त्या चार ओळींत कॅन्सर हा शब्द तीनदा. जेवणं आटोपेपर्यंत त्या चौकटीचा फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर तिघांनी टाकला होता. दिवेलागणीला शेजारची सून ओट्यावर येऊन बसली, कडेवर चार वर्षांचं पोरगं. म्हणाली, "बाई, आमच्या पोट्ट्याचे तर तीन झाले. मंग बाराशे झाले काय हो?"

तिला जे सांगितलं ते आपल्या वाचकांनाही सांगावं म्हणून हे पत्र. लांबेल. काटछाट आपण करालच, फक्त आकडे कापू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत ३१ वर्षं नोकरी केली. कागदावर हुद्दा क्ष-किरण तंत्रज्ञ, गावात नाव फोटोवाल्या बाई. लग्नसराईत आलेले नवीन पाहुणे अजून माझ्याकडे पासपोर्ट फोटोची चौकशी करतात. सुरुवातीची कितीतरी वर्षं अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर आणि हायपोच्या वासात गेली, ओली फिल्म हँगरला लावून पंख्याखाली वाळवायची आणि डॉक्टर ओलीच हिसकून न्यायचे. शेवटची सहा वर्षं मला जिल्ह्याबाहेर सिटीच्या मशीनवर पाठवलं होतं. सगळी नोकरी छातीवर एक बिल्ला लावून झाली. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जायचा आणि माझ्या नावापुढे किती किरण लागले ते लिहून यायचं. जवळजवळ दर वेळी शून्य. मुलगी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत शिशाच्या भिंतीआडून काम केलं, तेव्हाही शून्य. ती आता बँकेत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त भांडते.

आधी त्या चारशेचं. आकडा हवेतून आलेला नाही. २०२१च्या मे महिन्यात, दुसरी लाट पेटलेली असताना, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य लक्षणं असलेल्यांनी उगाच सिटी करू नये हे सांगताना तीनशे-चारशे एक्सरेंची तुलना दिली. रेडिओलॉजिस्टांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं लगेच हरकत घेतली, की नव्या मशिनींवर मात्रा फार कमी असते. वाद भागाकाराचा होता. अंगाला लागलेले किरण मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. छातीचा आजचा डिजिटल एक्सरे ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास, तर कुठे कुठे एक्सरे ०.१ धरतात. छातीचा नेहमीचा सिटी सहा-सात मिलिसिव्हर्टचा, मुद्दाम कमी मात्रेत काढला तर दीडच्या आसपास. सातला ०.०२ने भागा, साडेतीनशे येतात. दीडला ०.१ने भागा, पंधरा येतात. दोन्ही छातीचेच सिटी. एक्सरे हे मापच चिमटीएवढं आहे हो. ज्वारीचं पोतं चिमटीनं मोजलं तर आकडा मोठाच येणार, आणि पोत्यात किती ज्वारी आहे ते कळणारच नाही.

त्यापेक्षा दुसरं माप बरं. आपण कुणीच किरणांवाचून जगत नाही. जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून, घरात साचणाऱ्या रेडॉन वायूतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट लागतातच. डोक्याचा सिटी दोनच्या आसपास, म्हणजे दहा महिन्यांचं फुकट मिळणारं एका झटक्यात मिळालं. पोटाचा आठ-दहा, म्हणजे चारेक वर्षांचं. त्यात औषध टोचून दोन-तीन टप्प्यांत काढला तर तितक्या पटीनं वाढतं, हे मात्र कुणी सांगत नाही. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तिथल्या काही घरांत लोकांना आपल्या कित्येक पट किरण लागतात. तिथे वर्षानुवर्षं नोंदी ठेवून अभ्यास झाला, त्यात जमिनीतल्या या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. म्हणून सिटी म्हणजे पाणी असं मी म्हणत नाही. ते किरण थोडे थोडे लागतात, हे एकदम. आणि लहान लेकरांची गोष्ट वेगळीच आहे, तिच्याकडे येते.

सुनेनं विचारलं, एवढे किरण लागतातच कायले, फोटोच तर काढायचा असते. प्रश्न रास्त आहे. तिला मी वावर दाखवलं. धुऱ्यावर एका जागी उभं राहून पऱ्हाटीकडे पाहिलं तर पहिल्या ओळीमागे दुसरी झाकते, दुसरीमागे तिसरी, आणि मधल्या ओळीत तण माजलं की नाही ते उमगत नाही. एक्सरे असाच असतो, सगळ्याची एकमेकांवर पडलेली सावली. मधलं तण पाहायचं तर वावराला फेरी घालून चारी धुऱ्यांवरून पाहावं लागतं. सिटीचं मशीन ही फेरी घालतं. पेशंटच्या भोवती जी मोठी गोल कमान दिसते, तिला आमच्याकडच्या म्हाताऱ्या जातं म्हणतात आणि ते खोटं नाही, आत खरंच गरगर फिरतं. एका बाजूला एक्सरेची नळी, समोरच्या बाजूला कमानीसारखी मांडलेली शेकडो डिटेक्टरांची रांग. दोन्ही मिळून सेकंदाला दोन-तीन फेरे घेतात आणि एका फेऱ्यात हजारएक जागांहून मोजतात, की इकडून सोडलेल्यातले किती किरण तिकडे पोचले आणि किती वाटेत अडले. खाट हळूहळू पुढे सरकत असते. फोटो एक, पण तो हजारो सावल्यांचा, म्हणून किरण जास्त.

मग त्या सावल्यांचं चित्र कसं होतं? शाळेत जादूचा चौरस सोडवला असेल. आडवी बेरीज माहीत, उभी माहीत, तिरपी माहीत, त्यावरून प्रत्येक घरात कोणता आकडा ते काढायचं. कॉम्प्युटर तेच करतो, फक्त घरं नऊ नसतात. आजच्या एका चकतीत ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरं असतात, आणि अशा शेकडो चकत्या. टरबूज न कापता आतल्या सगळ्या फोडी दाखवायच्या, असं ते काम आहे.

हे ज्यानं पहिल्यांदा करून दाखवलं तो डॉक्टर नव्हता. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाचा इंजिनिअर, ईएमआय कंपनीत नोकरीला. आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनवर कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या वाजायच्या ना, त्याच घरची कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात एका बाईच्या मेंदूचा पहिला सिटी निघाला. एकेका मोजणीला चार-पाच मिनिटं लागायची, आमच्या शकुंतला रेल्वेची चाल. चित्रात ८० गुणिले ८० घरं, पण मेंदूतली गाठ दिसली. १९७९चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉर्मॅकना मिळून मिळालं, कॉर्मॅकनी हे गणित आधीच कागदावर मांडलं होतं. चित्रातल्या प्रत्येक घराला जो आकडा देतात तो आजही हाउन्सफिल्डच्या नावानं ओळखला जातो. पाणी शून्य. हवा उणे हजार. चरबी उणे शंभरच्या जवळ. मेंदू तीस-चाळीस. ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तरच्या आसपास. हाड कित्येक शेकडे ते हजाराच्या वर. मोठा आकडा पांढरा दाखवायचा, लहान काळा. म्हणून डोक्यात ताजं रक्त सांडलेलं असेल तर ते करड्या मेंदूवर पांढरं उठून दिसतं, आणि दहा मिनिटांत ठरतं की नागपूर गाठायचं की घरी जायचं. अपघाताच्या रात्री ही दहा मिनिटं काय असतात ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको.

आता पोराची गोष्ट. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हे पोरगं लाकडी नंदी ओढत धावत सुटलं आणि ओट्यावरून तोंडघशी पडलं. ओटा अडीच फुटांचा असेल. पडल्याबरोबर भोकाड पसरलं, शुद्ध गेली नाही, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि तासाभरानं एक उलटी झाली. ती उलटी आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांची होती असं माझं मत, पण मी डॉक्टर नाही. बापानं तालुक्याला नेलं. एका खाजगी सेंटरवर सिटी झाला, काही निघालं नाही. तेवढ्यात नागपूरच्या मामाचा फोन, तिथे ठेवू नका, इकडे आणा. रात्री गाडी करून नागपूर. तिथल्या मोठ्या दवाखान्यात काउंटरवर सांगितलं, तुमची सीडी आमच्याकडे उघडत नाही, आमचाच सिटी लागतो. दुसरा झाला, काही नाही. सकाळी सुट्टी देताना एकदा खात्री म्हणून तिसरा. काही नाही. बिलात तुरीचे ठेवलेले पैसे गेले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोरगं पुन्हा त्याच ओट्यावरून उड्या मारत होतं.

चौकट वाचून सून आली त्या रात्री मी तिला तिन्ही पाकिटं आणायला लावली. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर सीड्या घातल्या. नागपूरला न उघडलेली सीडी माझ्याकडे दीड मिनिटात उघडली, हे नोंदवून ठेवते. सिटीच्या सीडीत चित्रं संपली की बहुतेक वेळा एक पान असतं, काळ्या पाटीवर पांढरे आकडे. कुणी पाहत नाही. रिपोर्ट लिहिणारे पुढे सरकवतात, घरच्यांना ते चित्रच वाटत नाही. त्यावर मशीन स्वतःहून लिहितं की या पेशंटला किती किरण दिले. तिथे डीएलपी म्हणून एक रकाना असतो, त्या तपासणीत दिलेल्या किरणांची एकूण मात्रा. तालुक्याच्या सिटीत तो आकडा होता ३८०. नागपूरच्या पहिल्यात ९१०. दुसऱ्यात ९०५.

लेकरू तेच, डोकं तेच, टेंगूळसुद्धा तेच. अडीच पटीच्या जवळ फरक. तालुक्याच्या सेंटरवर कुण्या तंत्रज्ञानं लहान मुलाचा प्रोटोकॉल निवडून मात्रा उतरवली होती. त्याला मी ओळखत नाही, भेटला तर चहा पाजीन. दुसरीकडे, माझा अंदाज, मोठ्या माणसाची सेटिंग तशीच चालवली. मोठ्या माणसाच्या डोक्याला हजाराच्या आसपासच आकडा येतो. डीएलपीवरून मिलिसिव्हर्ट काढायला वयाप्रमाणे गुणक असतो. पाच वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाचा गुणक लावला तर पहिला दीड मिलिसिव्हर्ट होतो, पुढचे दोन साडेतीनच्या थोडे वर. बेरीज पावणेनऊच्या आसपास.

सुनेच्या बाराशेचं खरं उत्तर हे. त्यातले दीड कदाचित लागायचेच होते, किंवा तेही नाही. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास होऊन २००९ साली नियम बसवले गेले. दोन वर्षांवरचं मूल शुद्धीवर आहे, नेहमीसारखं वागतंय, कवटीचं हाड मोडल्याची खूण नाही, शुद्ध हरपली नव्हती, उलटी नाही, डोकं भयंकर दुखत नाही, फार उंचावरून पडलेलं नाही, तर सिटीची गरज सहसा नसते. यातलं एखादंच, जसं नुसती उलटी, असेल तर दवाखान्यात काही तास डोळ्यासमोर ठेवून पाहता येतं. पण आमच्याकडे डॉक्टरांचीही पंचाईत असते. सोबत आलेले पंधरा लोक दारात उभे, त्यातला एक मोबाइलवर शूटिंग करतोय. पोराला नुसतं बसवून ठेवा म्हटलं तर 'काहीच करून नाही रायले' असा गलका होतो. पहिल्या सिटीबद्दल मी कुणाला दोष देत नाही. उरलेल्या सात मिलिसिव्हर्टचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

सात म्हणजे किती घाबरायचं? सिटीच्या मात्रेला कॅन्सर होतो असं एका माणसाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या नोंदींवरून मोठ्या मात्रेचा धोका कळतो, तिथून खाली सरळ रेघ ओढून लहान मात्रेचा अंदाज करतात. त्या हिशेबानं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं की १० मिलिसिव्हर्टच्या तपासणीनं कॅन्सरनं मरण्याची शक्यता २,०००त एक इतकी वाढू शकते. आणि भारतात तसंही नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होण्याचा अंदाज आहे, सिटी करा न करा. लेकरांना जास्त जपायचं कारण त्यांच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. २०१२ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात लहानपणी वारंवार सिटी झालेल्यांत रक्ताच्या आणि मेंदूच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०२३ साली युरोपातल्या नऊ देशांचा मोठा अभ्यास आला, २२ वर्षांच्या आत सिटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांचा. त्याचा हिशेब असा, की आजच्या साधारण मात्रेत दहा हजार मुलांचे सिटी केले तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एका-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होईल.

हे ऐकून सून गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आमचं पोरगं त्या दोघांत नाही ना?" बहुतेक नाहीच, असं मी म्हणाले. याहून पक्कं कुणी सांगत असेल तर मला त्याला भेटायचं आहे.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझं पत्र वाचून कुणी सिटी टाळेल. माझे मोठे दीर. सत्तरी गाठलेली, हृदयात स्टेंट, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या रोज. दोन वर्षांमागे सोंगणीच्या दिवसांत रात्री वावरातून फटफटीवर येताना रोही आडवा आला. पडले, कानामागे मार लागला, उठून गाडी ढकलत घरी आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सिटी करायला सांगितला. दिरांनी खिशातून मोबाइल काढला, तोच चारशे एक्सरेचा मेसेज. "मले कॅन्सर करून मारता काय? डोस्कं दुखते, गोळी द्या." मी सांगून पाहिलं. वहिनीचं कोण ऐकतं आमच्या घरात!

तीन आठवड्यांनी जेवताना त्यांच्या उजव्या हातातून घास गळायला लागला. बोलताना शब्द सापडेना. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, एकानं तर वास घेऊन पाहिला. मी त्यांना गाडीत घालून नेलं. सिटीत डाव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या मधे चंद्रकोरीसारखा गडद पट्टा, मेंदू पलीकडे रेटलेला. पांढरा नाही, गडद, कारण रक्त तीन आठवडे जुनं झालं की त्याचा आकडा उतरत उतरत मेंदूच्याही खाली जातो. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. सहाव्या दिवशी घरी आले, आता पुन्हा धुऱ्यावर उभे राहून सालदारावर ओरडतात. त्या वयात, त्या गोळ्यांवर, डोक्याला मार लागल्यावर दोन मिलिसिव्हर्टला घाबरणं म्हणजे काय करणं होतं ते त्यांना कुणी आजवर विचारलेलं नाही. मीही नाही.

करोनातलं थोडक्यात. तेव्हा गावात 'स्कोअर किती?' हा दहावीच्या निकालासारखा प्रश्न झाला होता. छातीच्या सिटीत फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येक किती बिघडला त्याला पाचपैकी गुण, असे पंचवीस. सरकारनं दर दोन ते तीन हजारांत बांधले आणि लोक ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी रांगेत उभे राहिले. ऑक्सिजन ९८, स्कोअर शून्य, म्हणून चौथ्या दिवशी परत. अशांच्या बाबतीत डॉ. गुलेरियांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आकडा काहीही असो.

बायकांसाठी एक गोष्ट, कारण ती पेपरात येत नाही. पोटाचा एक्सरे किंवा सिटी काढण्याआधी पाळी कधी आली हे विचारणं माझं काम होतं. नवी सून सासूसमोर उत्तर देत नाही. मी सासूला चिठ्ठी फाडायला पाठवायची आणि मग विचारायची. काहींना तिथेच पहिल्यांदा कळायचं. आणि उलटंही पाहिलं. हाताचा एक्सरे निघाला म्हणून पोटातलं लेकरू पाडून टाकायला निघालेल्या दोघी मी माघारी धाडल्या आणि डॉक्टरांपुढे बसवल्या. हाताच्या किंवा डोक्याच्या तपासणीत गर्भाला जवळपास काहीच लागत नाही. अगदी एखादा पोटाचा सिटी अजाणता झाला तरी बाळात व्यंग येईल इतकी मात्रा साधारणपणे होत नाही. घरीच निर्णय घेऊ नका, इतकंच म्हणते.

आणखी काही नेहमीचे प्रश्न. किरण अंगात राहत नाहीत, बटण बंद झालं की संपले. घरी जाऊन अंगावरून पाणी घ्यायची, लेकराला दूर ठेवायची गरज नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीत असले किरणच नसतात. शिरेतून आयोडीनचं औषध टोचतात तेव्हा अंगभर गरम वाटतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, लाजू नका. मात्र त्याआधी किडनीचा रिपोर्ट, शुगरच्या गोळ्या आणि पूर्वी कशाची रिॲक्शन आली होती का, ते सांगा.

आता माझी मागणी. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३पासून आहे, सिटीच्या प्रत्येक मशीनला त्यांचा परवाना लागतो. मला, काम करणारीला, पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा होती, कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही, आणि त्यासाठी छातीवर बिल्ला. पेशंटला मर्यादा नसते. ते बरोबरही आहे, कारण त्याच्या जिवासाठीच तपासणी होते आणि कधी दहा वेळाही करावी लागते. पण मग मोजणार कोण? माझे शून्य ३१ वर्षं कुणीतरी वहीत लिहून ठेवले. त्या लेकराचे पावणेनऊ कुठेच लिहिलेले नाहीत. मशीन आकडा काढतंच. तो सीडीतल्या शेवटच्या पानावरून उचलून रिपोर्टच्या पहिल्या पानावर, वयाखाली, छापायला शाई किती लागते? आपल्या जिल्ह्यातल्या सेंटरवाल्यांनी एवढं करावं, आणि दुसऱ्या गावची सीडी आली तर आधी ती उघडून पाहावी. पोराच्या बापाला मी नागपूरच्या काउंटरवर फोन करून हा आकडा लिहून मागायला लावला. तिकडून उत्तर आलं, "असं कोणी मागत नाही."

त्या पोराला महिन्यानं चौथ्या सिटीला बोलावलं होतं. मी तिन्ही आकडे तारखांसकट एका कागदावर लिहिले, कागद पाकिटाला टाचला आणि बापाला म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांना हे दाखव. त्यांनी पोराला चालवून पाहिलं, बॅटरी मारून डोळे पाहिले, सीडी उघडली, कागद दोनदा वाचला आणि सिटी नको म्हणून लिहून दिलं. पाकीट आता त्यांच्या घरी देवळीशेजारच्या खिळ्याला अडकवलेलं आहे.

आपल्याकडे इतकंच मागणं, की त्या चौकटीएवढीच जागा त्याच पानावर द्यावी आणि सीडीतलं शेवटचं पान कसं शोधायचं ते छापावं. चित्र घालायचंच तर लॅपटॉपचं घाला, कवटीचं नको.

आपली,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये. गावाला कळेलच.)